सुपडू मास्तर स्थळ बघायला जातो

मास्तर म्हटलं की लोकांना शाळा आठवते. सुपडू मास्तर शाळेत माझ्याइतकाच गेलेला, म्हणजे मनाला येईल तेव्हा. सुरतच्या डाइंग मिलमध्ये जो कापडाचा रंग जमवतो त्याला मास्तर म्हणतात. व्यापारी बोटभर चिंधी आणून देतो, म्हणतो ह्याच रंगाचं कापड पाहिजे. मास्तर पावडरी मिसळून तो रंग उतरवतो, आणि आम्ही मशीनवाले त्या रंगात कापड शिजवतो. मी मशीनवाला. माझा जन्म त्या वाफेत गेला.

मी लिहिणारा माणूस नाही. हे सगळं मी तोंडाने सांगायचो, आणि सांगायचो ते आमच्या सिंधूला, म्हणजे बायकोला. जेवताना ती म्हणायची, "मास्तरचं सांगा ना." तिला सगळं पाठ होतं. पाठ कशाला, अर्ध्या गोष्टीत ती स्वतः होती. तरी हसून हसून ठसका लागायचा. आता सिंधू गेली. मुलगा-सून आपल्या कामात. नातवाला मराठी कळते, पण उत्तर तो गुजरातीत देतो आणि तेही मोबाइलकडे बघून. म्हणून लिहितो. ज्याला शुद्धलेखन बघायचं असेल त्याने दुसरं काहीतरी वाचावं.

मास्तर आणि मी सुरतच्या भेस्तान भागात एकाच गल्लीत राहायचो. तो धुळ्याकडचा, मी नंदुरबारकडचा. घरीदारी आम्ही अहिराणीच बोलायचो, पण इथं सगळ्यांना कळावं म्हणून सरळ लिहितो. मध्येच निसटली तर निसटली.

मास्तर उंच, वाळलेला, मान पुढे काढून चालणारा. त्याला एक खोड होती. कुठलंही कापड दिसलं की ते चिमटीत धरायचा आणि उजेडाकडे न्यायचा. लग्नात नवरदेवाचा फेटा, देवळात देवीची साडी, बसमध्ये पुढच्या माणसाची कॉलर. एकदा कॉलरवाला मारायला उठला. मास्तर त्याला शांतपणे म्हणाला, "भाऊ, रागावू नको, पण तुला पिवळा सांगून बदामी दिलाय." तो माणूस उतरेपर्यंत स्वतःची कॉलर बघत बसला.

जेवायला बोलावलं तरी तेच. सिंधूच्या वरणाकडे बघून म्हणायचा, "वहिनी, हळद जरा वर गेली." दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर सिंधूने ताट उचलून नेलं असतं. मास्तरला ती म्हणायची, "मग उन्हात नेऊन बघा, तोवर मी भात वाढते."

माणसंही तो रंगानेच मोजायचा. कोणी फार गोड बोललं की म्हणायचा, "कच्चा आहे, एका धुण्यात जाईल." शेठबद्दल म्हणायचा, "उन्हात वेगळा, ट्यूबलाइटखाली वेगळा." माझ्याबद्दल त्याचं काय मत होतं ते त्याने सिंधूला सांगितलं होतं. तिने मला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की नुसती हसायची.

आता खुर्चीचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. मिलमध्ये रंग मिसळायच्या खोलीला कलर किचन म्हणतात. आमच्या कलर किचनमध्ये एकच खुर्ची होती, पत्र्याची, एक हात मोडलेली. त्यावर मास्तर बसायचा. मग शेठचा भाचा कॉलेज करून आला. पोरगा वाईट नव्हता. मास्तरला काका म्हणायचा. पण पहिल्या दिवशी कुठं बसू म्हणून इकडंतिकडं बघायला लागला, तेव्हा मास्तर आपला मोठेपणाने उठला आणि म्हणाला, "बैठो बेटा." तो बसला तो बसलाच. मास्तरने शेठकडे दुसरी खुर्ची मागितली. शेठ म्हणाला, "मास्तर, उभा माणूस जागा राहतो."

हे मास्तरला फार लागलं. चहाच्या गाडीवर मला म्हणाला, "धनाभाऊ, आता जिथं खुर्ची तिथं मी."

पलसाणा, कडोदरा, जिकडं बघाल तिकडं मिल. मास्तर लोकांना मागणी असते. पण इंटरव्यू म्हटला की तो दिवसाचा. मॅनेजर लोक संध्याकाळी घरी जातात, ते काही आमची पाळी सुटायची वाट बघत नाहीत. म्हणजे रजा पाहिजे. आणि रजेला कारण पाहिजे.

बाकीचे लोक अशा वेळी नातेवाईक मारतात. मास्तर त्या बाबतीत कडक. म्हणायचा, "जिवंत माणसाचं मरण सांगणं म्हणजे यमाला पत्ता देणं." आजारी आहे सांगावं तर मिलचा डॉक्टर आधी इंजेक्शन टोचायचा आणि मग काय होतंय ते विचारायचा. म्हणून मास्तरने कारण काढलं, मुलीसाठी स्थळ बघायला जायचंय.

कारण चांगलं होतं. मुलगी खरोखरच लग्नाची होती. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, केसांना तेल, इंटरव्यूला लागतं तेच सगळं स्थळालाही लागतं, त्यामुळे कोणी वर-खाली बघायचं नाही. आणि शेठला स्वतःला तीन मुली. लग्नाचं नाव काढलं की ट्यूबलाइटखालचा शेठ लगेच उन्हात यायचा.

"जाओ मास्तर, जाओ," शेठ म्हणाला. "शुभ काम छे." आणि घड्या घालायच्या खात्यातून एक साडी मागवून मास्तरच्या हातात दिली. "छोकरीने पहेरावजो." म्हणजे मुलीला नेसवा.

मास्तर साडी काखेत मारून कडोदऱ्याला इंटरव्यूला गेला.

मास्तर लोकांचा इंटरव्यू तोंडी नसतो. चिंधी देतात आणि म्हणतात, हा रंग काढून दाखवा. शिवाय आताच्या नव्या मिलमध्ये कम्प्युटर आला आहे, इंग्रजी नावांचे डबे आले आहेत, आणि पंचविशीतली पोरं आली आहेत. मास्तर पन्नाशी ओलांडलेला. त्याला नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेठने विचारलं, "शुं थयुं मास्तर? जम्युं?"

"नाही जमलं शेठ."

"केम?"

इथं मास्तरची अडचण झाली. त्याला खोटं बोलता यायचं, पण खोटं रचता यायचं नाही. एक खोटं उभं करायचा आणि आत सगळं खरं भरायचा. म्हणाला, "वय जास्त आहे म्हणाले."

शेठ हळहळला. मशीनवर ही बातमी आमच्याआधी पोचली. मास्तरच्या मुलीचं वय झालंय.

पुढच्या वेळी म्हणाला, "कम्प्युटर येत नाही म्हणाले." त्याच्या पुढच्या वेळी, "इंग्रजीत दोन ओळी वाचायला दिल्या, नाही वाचता आल्या." मग एकदा, "नजर कमी आहे म्हणाले." एकदा तर, "हात थरथरतो म्हणाले." प्रत्येक वेळी रजा, प्रत्येक वेळी साडी, प्रत्येक वेळी नकार. मिलमध्ये लोक म्हणायला लागले, काय जमाना आला आहे, मुलगी बघतात आणि इंग्रजी वाचायला देतात.

त्याची मुलगी जयश्री. वय बाविशीच्या आसपास. बी.कॉम. झालेली. कापड बाजारात एका पेढीवर दिवसभर कम्प्युटरवर बिलं बनवायची आणि दक्षिणेतल्या व्यापाऱ्यांशी फोनवर फाडफाड इंग्रजी बोलायची. नजर अशी की आमच्या गच्चीवरून तिला तिसऱ्या गल्लीतल्या गाडीचा नंबर दिसायचा. हात सुईत दोरा ओवावा तसा स्थिर. तिला यातलं काही माहीत नव्हतं. बाप अधूनमधून साडी आणतो आणि म्हणतो शेठने दिली, एवढंच तिला माहीत.

इकडं मिलमध्ये दुखवटा. शेठाणीने मास्तरच्या मुलीसाठी सोमवार धरले. भाच्याने कुठल्याशा देवळातला दोरा आणून दिला. घडीखात्यातला मुकादम, टक्कल पडलेला, बायको सोडून गेलेली, त्याने मास्तरला निरोप पाठवला, "माझी काही अट नाही. नजर कमी असली तरी चालेल." मास्तर लोखंडी पळी घेऊन त्याच्या मागे धावला. लोक म्हणाले, बापाचं डोकं फिरलंय, पण स्थळ वाईट नव्हतं.

मला खरं कळलं ते त्याच्या बोटांवरून. लग्नसराई होती, आमच्या मिलमध्ये मरून रंगाशिवाय दुसरं काही चालू नव्हतं. झाडूवाल्यापासून शेठपर्यंत सगळ्यांची नखं मरून. मास्तर स्थळ बघून आला आणि त्याची दहाही बोटं पोपटी.

"मास्तर, हे काय?"

"पोरावाल्यांकडे घराला रंग चालू होता. भिंतीला हात लागला."

"दोन्ही?"

मास्तर बोटांकडे बघत राहिला. "पाय घसरला, दोन्ही हातांनी भिंत धरली." मग स्वतःलाच हसू आलं. मला पाइपांच्या मागे नेऊन सगळं सांगितलं. त्या मिलमध्ये त्याला पोपटी रंग काढायला दिला होता. "रंग जमला रे धनाभाऊ," तो म्हणाला. "पण मॅनेजर बोलला, तुम्हाला वेळ लागतो."

मी म्हटलं, "मास्तर, पोरीचं नाव खराब होतंय."

"मिलमधल्या गोष्टी मिलमध्ये. आपल्या समाजात कोणाला कळणार?"

तिथंच तो चुकला.

आमच्या सिंधूला लग्नं जमवायचा नाद होता. भेस्तानातल्या निम्म्या खान्देशी घरांत तिने जमवलेल्या सुना नांदतात. समाजाच्या ग्रुपवर फोटो आला की ती आधी पोराचे कान बघायची, मग नाव. तिने जयश्रीसाठी एक चांगला मुलगा काढला. कडोदऱ्याचे निंबाभाऊ, लूमवर जुने कारागीर, त्यांचा मुलगा एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला. फोटो इकडून तिकडे गेले. जयश्रीने फोटो बघून सिंधूला एवढंच विचारलं, "काकू, त्यांची पाळी कोणती असते?" सिंधूला तेवढं पुरे होतं. रविवारी बघायला यायचं ठरलं.

आता आमच्यात एक रीत आहे. मुलगी बघायच्या आधी तिच्या बापाच्या मिलबाहेर चहाच्या गाडीवर जाऊन चौकशी करायची. घरी सगळेच गोड बोलतात, खरं ते चहावर कळतं. निंबाभाऊ आले, चहा घेतला आणि सहज विचारलं, "सुपडू मास्तरची मुलगी कशी आहे हो?"

गाडीवर आमचेच सात-आठ जण होते. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट सगळ्यांना कळवळा होता. एक म्हणाला, बिचारीचं वय गेलं. एक म्हणाला, शिक्षण नाही ना. एक म्हणाला, डोळ्यांनी अधू आहे, हातही थरथरतो. किती जणांनी नाकारली त्यावर वाद झाला, कोणी बारा म्हणे कोणी वीस. मुकादम म्हणाला, "मी हो म्हटलं होतं, पण बाप पळी घेऊन धावतो."

निंबाभाऊंनी चहा अर्धा टाकला आणि सिंधूला फोन केला. "ताई, तुम्ही फोटो दुसऱ्या कोणाचा पाठवला होता का?"

सिंधूने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला जे माहीत होतं ते मी सांगून टाकलं. ती पायात चपला न घालता मास्तरच्या घरी गेली. मी तिच्या चपला हातात घेऊन मागोमाग.

"मास्तर, पोरीला किती जणांनी नाकारलं?"

मास्तर जेवत होता. "कोणत्या पोरीला?"

"तुमच्या."

"कोणीच नाही. अजून बघितलीच कोणी नाही."

"मग मिलमध्ये वीस जणांनी नाकारलं म्हणतात ते कोणाला?"

मास्तरचा घास हातातच राहिला. हळूच म्हणाला, "माले."

मग सगळं बाहेर आलं. मास्तरची बायको कपाळाला हात लावून बसली. जयश्री आतून आली, कपाट उघडलं आणि साड्यांचा गठ्ठा बापासमोर आपटला.

"पप्पा, ह्या सगळ्या माझ्या बघायच्या कार्यक्रमाच्या?"

"हो बेटा."

"एवढ्या साड्या झाल्या, त्यात निदान एक तरी मुलगा दाखवायचा होता!"

सिंधूला हसू आवरेना. पण जयश्री हसत नव्हती. ती रडायला लागली, आणि तेव्हा मास्तरला कळलं की पोरीला तो मुलगा आवडला आहे.

"खरं सांगू तर नोकरी जाई," मास्तर म्हणाला. "नही सांगू तर पोर जाई."

"नोकरी एवढ्या ठिकाणी मागितली, अजून एका ठिकाणी मागा," सिंधू म्हणाली. "पोरीला दारोदार नेणार आहात का?"

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना मास्तर चहाच्या गाडीजवळच्या बाकड्यावर चढला. हात वर करून म्हणाला, "ऐका रे सगळे! माझ्या पोरीला कोणीच नाकारलेलं नाही. मी दुसऱ्या मिलमध्ये नोकरी शोधत होतो. नाकारलं ते मला. वय माझं झालंय, कम्प्युटर मला येत नाही, हात माझा थरथरतो!"

 मग एकाने त्याला हाताला धरून खाली उतरवलं, पाणी दिलं. मुकादमाने डोळे पुसले. "बघा," तो म्हणाला, "याला म्हणतात बाप. पोरीवरचं सगळं स्वतःवर घेतलं."

कोणाचाच विश्वास बसला नाही. शेठच्या कानावर गेलं, शेठने मास्तरला ऑफिसात बोलावलं. मी म्हटलं, गेली नोकरी. मास्तर बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात नवी साडी होती.

"शेठ रडला," मास्तर म्हणाला. त्याचा चेहरा पार पडला होता. मिलमध्ये पहिल्यांदाच त्याने खरं सांगितलं होतं आणि ते कोणी घेईना.

शेवटी सिंधूनेच तोड काढली. निंबाभाऊंना फोन करून म्हणाली, "भाऊ, माझ्या शब्दावर नका जाऊ. मास्तरबरोबर तुम्ही स्वतः त्या त्या मिलमध्ये जा आणि विचारा. नाकारलं कोणाला, बापाला की पोरीला." निंबाभाऊ माणूस संशयी, पण न्यायाचा. तयार झाले. दोघं वाटेत भांडू नयेत म्हणून सिंधूने मला मधे बसवून पाठवलं.

मास्तरने शेठकडे रजा मागितली. कारण सांगितलं, मुलीच्या लग्नाचं बघायला जायचंय. आणि ह्या वेळी ते खरं होतं.

पहिली मिल पलसाण्याच्या रस्त्यावर. मॅनेजर मास्तरला ओळखेना. मास्तर काकुळतीला आला. "साहेब, नीट बघा. होळीच्या आधी आलो होतो. तुम्ही मला नाही म्हणाला होता."

"भाई, हम तो रोज दस लोगों को ना बोलते हैं."

निंबाभाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात, झालं यांचं नाटक, असं होतं.

दुसऱ्या मिलमध्ये दारातच तिथला बाबू म्हणाला, "अरे मास्टरजी, फिर आ गए? आपको तो दो बार मना किया था!"

मास्तरचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. "ऐका, निंबाभाऊ, ऐका! दोनदा!" मग बाबूला म्हणाला, "साहेब, कशासाठी मना केलं ते पण सांगा ना."

"उमर हो गई आपकी. और कम्प्यूटर भी नहीं आता."

"बघा! कम्प्युटर नाही येत!" मास्तर निंबाभाऊंचा हात धरून म्हणाला. मुलगा पहिला आल्यावर बाप सांगतो ना, तसा. निंबाभाऊंनी स्वतःहून सगळ्यांना तपकीर विचारली. मला बरं वाटलं.

तिसरी मिल कडोदऱ्याची. नवी, स्वच्छ. मास्तर आत गेला, आणि मॅनेजर उठून उभा राहिला. "मास्टरजी! कहाँ थे आप? आपका वो पोपटी रंग पास हो गया, हम कब से फोन लगा रहे हैं, बंद आता है!"

खरी गोष्ट अशी होती, की इंटरव्यूचा फोन चुकून मिलमध्ये वाजेल म्हणून मास्तर कामावर फोन बंद ठेवायचा.

मॅनेजरने आम्हाला आत नेलं. कलर किचन म्हणजे दवाखान्यासारखं. मधे खुर्ची. गादीची, चाकांची, दोन्ही हात असलेली. "ये आपकी," मॅनेजर म्हणाला. "कल से आ जाओ."

मास्तर तिच्याकडे बघत राहिला. जवळ गेला, गादीचं कापड चिमटीत धरलं.

निंबाभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "धनाभाऊ, हे काय? कोणी न मागता अशी नोकरी देतं का? ही यांची ओळखीची माणसं दिसतात. तो मघाचा बाबूही यांनीच पढवून ठेवला असेल. मी चाललो." आवाज खाली ठेवायची त्यांना सवय नव्हती. लूमवाल्यांना नसते, मागांच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं. मास्तरने सगळं ऐकलं.

त्याने खुर्ची सोडली आणि मॅनेजरकडे वळला. "साहेब, मला कम्प्युटर येत नाही."

"सीख जाओगे."

"वय झालंय."

"अनुभव भी तो है."

"हात थरथरतो."

"चाय पियो, सब ठीक हो जाएगा."

मास्तर दोन पावलं पुढे सरकला. मग हिंदीत, नीट एकेक शब्द ठेवत म्हणाला, "साहब, मैं आज भी मालिक से छुट्टी लेके आया हूँ. हर बार झूठ बोला. बोला कि बेटी के लिए लड़का देखने जाता हूँ. साल भर से बोल रहा हूँ. मालिक ने साड़ियाँ दीं, मालकिन ने उपवास किए. मैं ऐसा आदमी हूँ. कल आपको भी बोलूँगा."

मॅनेजरचा चेहरा बदलला. तो हळूहळू खाली बसला, आणि बसला तो त्याच खुर्चीवर. "तो फिर रहने दो, मास्टरजी," तो म्हणाला. "आप जाइए."

बाहेर आलो. रस्त्यावर ट्रकांची धूळ. निंबाभाऊ बराच वेळ पायाने खडा सरकवत उभे होते.

मास्तर म्हणाला, "अजून चार मिल आहेत. चला."

"नको," निंबाभाऊ म्हणाले. "रविवारी मुलगी बघायला येतो. बघायला म्हणजे काय, साखरपुड्याचं ठरवायलाच येतो." मग थांबून म्हणाले, "पण मास्तर, खुर्ची चांगली होती हो."

"गादीचा रंग कच्चा होता," मास्तर म्हणाला. "पँटला लागला असता."

ही बातमी मात्र खरी म्हणून मिलमध्ये पोचली. शेठ भडकला. भर खात्यात येऊन गुजरातीत ओरडला. माझ्या बायकोने उपाशी राहून सोमवार केले, आणि तू मिल बघत फिरत होतास? तुला आत्ता काढून टाकतो! मग दम घ्यायला थांबला आणि त्याच्या लक्षात आलं. "पण काढून तुला पाठवू कुठं? तुला तर कोणी घेत नाही!" खातं हसलं, शेठही हसला, आणि तो विषय तिथंच मिटला. शेठाणीचं म्हणणं, लग्न जमलं ना, म्हणजे सोमवार फळले. ते कोणालाच खोडता आलं नाही.

लग्नासाठी मास्तरने रजा मागितली तेव्हा शेठने चष्म्यावरून बघून विचारलं, "लग्न? आ वखते कई मिल?" ह्या वेळी कुठली मिल? आणि खात्री करायला घरच्या सगळ्यांना घेऊन मांडवात आला. जयश्रीने लग्नात त्याच साड्यांतली एक नेसली होती. सिंधूने वरमाईच्या बाजूला बसून दोन्हीकडून मान घेतला.

त्यानंतर सिंधू फार दिवस राहिली नाही. छातीत दुखतंय म्हणाली, रिक्षा आणेपर्यंत संपलं होतं.

मास्तर चालू पाळीतून आला. पायात गमबूट, अंगावर रंगाचे शिंतोडे. माझ्या शेजारी जमिनीवर बसला. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी विचारलं, "शेठला काय सांगून आलास?"

"काही नाही सांगितलं," तो म्हणाला. "तसाच आलो."

सिंधूला हिरवी साडी नेसवली होती. मास्तरचा हात पदराकडे गेला, चिमटी झाली, आणि त्याने ती तशीच मिटून मांडीवर ठेवली. बारा दिवस पाळी सुटली की येऊन बसायचा. बोलायचा नाही. मला तेच बरं होतं. बोलणारे खूप येतात.

मग मी मुलाकडे राहायला आलो, भेस्तान सुटलं. मास्तरला शेवटचं बघितलं ते मागच्या थंडीत, कडोदऱ्याच्या चौकात. मी रिक्षाची वाट बघत होतो. सिग्नलला एक मोटारसायकल थांबली. पुढे निंबाभाऊ, मागे मास्तर, दोघंही इस्त्रीच्या शर्टात.

"कुठं रे मास्तर?"

"पलसाण्याला नवी मिल उघडलीय," मास्तर म्हणाला. "इंटरव्यू."

"शेठला काय सांगितलं?"

"इंटरव्यू आहे म्हणून सांगितलं. शेठ म्हणाला, जा, संध्याकाळपर्यंत परत येशीलच."

मी हसलो. निंबाभाऊ हसले नाहीत. त्यांनी मान पूर्ण मागे वळवली आणि मला म्हणाले, "धनाभाऊ, ह्यांची ती नोकरी माझ्या संशयापायी गेली. मी ह्यांना कुठंतरी बसवल्याशिवाय राहणार नाही. प्रत्येक वेळी मी बरोबर जातो. आणि आज जर कोणी वय काढलं ना, तर मी आत जाऊन बोलणार आहे. अरे, आमच्या माणसात कमी काय आहे?"

मास्तर लाजून इकडंतिकडं बघत होता. "व्याही, सिग्नल सुटला."

मागून ट्रक हॉर्न मारायला लागले. निंबाभाऊंनी गाडी काढली, पण तोंड अजून माझ्याकडेच होतं. गाडी हेलकावे खात हायवेला लागली, धुरात दिसेनाशी झाली, तरी त्यांचा लूमवाला आवाज मला ऐकू येत होता. कमी काय आहे, अरे, कमी काय आहे!